लाखोळीची डाळ आणि पांगळे पाय

वैनगंगेच्या खोऱ्यांत, ज्या भागाला आज गोंदिया जिल्हा म्हणतात त्या भागांत, कार्तिकाच्या सुमारास धानाचें पीक पिवळें पडूं लागतें. बांध्यांतील पाणी आटत आलेलें असतें, पण माती अजून ओली आणि मऊ असते. अशा वेळीं शेतकरी उभ्या धानांतच मूठ मूठ बीं फोकून देतो. नांगरणी नाहीं, खत नाहीं, पुन्हां पाणी देणें नाहीं. धान कापून नेल्यावर त्या बियांचे कोंब वर येतात, आणि मातींत उरलेल्या ओलाव्यावर व थंडीच्या दंवावर हें दुसरें पीक शिमग्याच्या सुमारास हातीं येतें. त्याला निळसर फुलें येतात, चपट्या आंखूड शेंगा लागतात, आणि शेंगेंतून निघणारा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा तिकोनी व करड्या रंगाचा असतो. हीच लाखोळी. कोठें तिला लाख म्हणतात, उत्तरेकडे खेसारी किंवा तिवडा म्हणतात. वनस्पतिशास्त्रांत तिचें नांव लॅथिरस सटायव्हस असें आहे.

या धान्याची कहाणी दुहेरी आहे. ज्या वर्षीं पाऊस दगा देतो त्या वर्षीं दुसरें कांहीं पिकलें नाहीं तरी लाखोळी पिकते, म्हणून ती गरिबांची अन्नदाती ठरली. आणि ज्या वर्षीं तिच्यावांचून खाण्यास दुसरें कांहींच उरत नाहीं, त्याच वर्षीं ती खाणाऱ्याचे पाय कायमचे लुळे करूं शकते. एकाच दाण्यांत जीवदान आणि पंगुत्व हीं दोन्हीं कशीं नांदतात, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षें लागलीं. त्या शोधाचा इतिहास जितका वैद्यकाचा आहे तितकाच तो भुकेचा आहे.

गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं अस्तित्वांत आला. त्यापूर्वीं तो भंडारा जिल्ह्याचा भाग होता, आणि त्याहीपूर्वीं मध्यप्रांताचा व नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा. हा सगळा मुलूख तलावांचा आणि धानाचा. नवेगांव बांधासारखे मोठे तलाव आणि गांवोगांवच्या लहान बोड्या यांच्या पाण्यावर येथील शेती उभी राहिली. तलाव बांधण्यांत कोहळी समाजानें मिळविलेला लौकिक आजही सांगितला जातो. पण तलावाचें पाणी मुख्यतः धानालाच पुरे. धान निघाल्यावर बांधींत जो ओलावा राही, तेवढ्यावर लाखोळी, जवस अशीं थोडींच पिकें तग धरीत. त्यामुळें लाखोळी हें या भागांतील लहान शेतकऱ्याचें जवळजवळ फुकटचें धान्य होतें. भाताबरोबर तिचें वरण होई, पिठाचे वडे होत, कोवळ्या शेंड्यांची भाजी होई, आणि मळणीनंतरचें कुटार बैलांना मिळे. माणूस आणि जनावर दोघांचेंही पोट ती भरी.

तिच्याविषयींचा संशय मात्र फार जुना आहे. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत कलायखंज नांवाच्या वातव्याधीचें वर्णन आढळतें. या व्याधींत मनुष्य चालावयास आरंभ करतांना कांपतो आणि लंगडत चालतो. व्याधीच्या नांवांतच 'कलाय' हें एका द्विदल धान्याचें नांव जोडलेलें आहे, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पुढें सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या ग्रंथांत त्रिपुट या धान्याला पंगुत्व आणणारें म्हणून दोष दिलेला आहे. त्रिपुट म्हणजे तीन कडांचें. लाखोळीचा दाणा ज्यानें पाहिला आहे त्याला हें वर्णन निराळें समजावून सांगावयास नको.

युरोपांतही हा अनुभव अज्ञात नव्हता. १६७१ मध्यें जर्मनींतील वुर्टेंबर्गच्या ड्यूकनें या धान्याचें पीठ भाकरींत मिसळण्यास मनाई केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, नेपोलियनच्या फौजांनीं स्पेन व्यापला असतां, माद्रिदमध्यें भयंकर दुष्काळ पडला. त्या दुष्काळांत लोक याच धान्याच्या लापशीवर जगले. चित्रकार गोया यानें युद्धाच्या आपत्तींवर काढलेल्या चित्रमालिकेंत या लापशीचें एक चित्र आहे, आणि त्याच्या नांवांत त्या धान्याचे आभार मानलेले आहेत. आभार आणि शाप यांची अशी सरमिसळ या धान्याच्या वाट्याला सर्वत्र आलेली दिसते.

भारतांतील अर्वाचीन नोंदींत सर्वांत बोलकी नोंद ठगांच्या बंदोबस्तासाठीं प्रसिद्धीस आलेल्या कर्नल स्लीमनची आहे. १८४४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें सागर-नर्मदा प्रदेशांतील एका खेड्याची हकीकत दिली आहे. १८२९ मध्यें गारपिटीनें तेथील गहूं झोडपला. १८३० मध्यें पाऊस वेळेवर झाला नाहीं. १८३१ मध्यें तांबेऱ्यासारख्या रोगानें उभें पीक खाल्लें. या तिन्ही वर्षांत गव्हाच्या शेतांत आपोआप उगवणारी तिवडा मात्र जोमानें वाढली. गांवानें तीच कापली आणि तिच्यावरच दिवस काढले. १८३३ पासून तिचे परिणाम दिसूं लागले. तिशीच्या आंतील तरुण मुलेंमुली रात्रीं धडधाकट निजत आणि सकाळीं कमरेखालचें बळ गेलेलें आढळे. दोन वर्षांत त्या गांवांतील जवळजवळ अर्धी तरुण पिढी कमीअधिक पंगु झाली. स्लीमनच्या तंबूभोंवतीं हे तरुण औषधासाठीं काकुळतीला येऊन जमले. परंतु एकदां जडलेल्या या रोगांतून कोणी बरा झाल्याचें त्याला आढळलें नाहीं.

या रोगाचें स्वरूपच असें आहे कीं तें एकदां पाहिलें म्हणजे विसरत नाहीं. प्रथम पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड होतात. मग स्नायू ताठ होतात, टांचा जमिनीला टेकेनाशा होतात, आणि चालतांना गुडघे एकमेकांवर घासून पाय कात्रीसारखे आडवे पडतात. कोणाचें काठीवांचून भागतें, कोणाला एक काठी लागते, कोणाला दोन. आणि ज्याच्यावर घाला मोठा पडतो तो हातांच्या आधारानें सरपटतो. वेदना नाहींत, बुद्धि शाबूत, हात बहुधा बळकट, मलमूत्रावरील ताबा बहुधा नीट, आयुष्य पूर्ण. रोग एका मर्यादेनंतर वाढतही नाहीं आणि ओसरतही नाहीं. स्त्रियांपेक्षां पुरुषांत, आणि तेही ऐन कष्टाच्या वयाच्या पुरुषांत, त्याचें प्रमाण अधिक. ज्याच्या मजुरीवर घर चालतें त्याचेच पाय हा रोग नेमके हेरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अलाहाबादेकडील डॉक्टर जेम्स आयर्व्हिंग यानें आपल्या भागांतील अशा रोग्यांचा माग काढून लेख लिहिले. १८७३ मध्यें नेपल्सच्या अर्नाल्दो कांतानी या वैद्यानें या रोगाला लॅथिरिझम हें नांव दिलें. परंतु नांव मिळाल्यानें कारण सांपडत नाहीं. पुढें मध्यप्रांतावर १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन घोर दुष्काळ कोसळले. धान करपलें, गहूं गेला, आणि पुन्हां एकदां लाखोळीवर सगळा भार आला. १८९६ ते १९०२ या वर्षांत मध्यप्रांतांत हा रोग इतका बळावला कीं अँड्र्यू ब्यूकॅनन या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यास त्यावर स्वतंत्र अहवाल लिहावा लागला. तो १९०४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्या काळीं भंडारा आणि गोंदियाचा प्रदेश याच प्रांतांत मोडत होता.

येथें एक प्रश्न स्वाभाविकपणें उद्भवतो. लाखोळी हें विषच असेल, तर पिढ्यान्‌पिढ्या ती खाणारीं गांवेंच्या गांवें धडधाकट कशीं राहिलीं? आणि ती निर्दोष असेल, तर दुष्काळाच्या मागोमाग पांगळ्यांच्या रांगा कां लागल्या? या कोड्यानें पुढील पन्नास वर्षें संशोधकांना चकविलें.

१९२२ मध्यें कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेंतील ॲक्टन यानें या रोगाच्या कारणांचें मोठें अन्वेषण प्रसिद्ध करून दोष लाखोळीच्या दाण्यावरच ठेवला. तीनच वर्षांनीं, १९२५ मध्यें, अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन या तिघांनीं अगदीं उलट निकाल दिला. यांतील हॉवर्ड म्हणजे पुढें इंदूर पद्धतीच्या कंपोस्ट खतामुळें जगप्रसिद्ध झालेले सर अल्बर्ट हॉवर्ड. त्यांनीं बदकें आणि माकडें यांना शुद्ध निवडलेली लाखोळी खाऊं घातली; त्यांना कांहीं झालें नाहीं. लाखोळीच्या शेतांत अकटा नांवाचें तण वाढतें व त्याचें बीं दाण्यांत मिसळतें. खरा गुन्हेगार तो अकटाच होय, असें या तिघांनीं ठरविलें. हें मत अनेक वर्षें मान्य होतें. आज मागें वळून पाहतां त्यांतील चूक कळते: प्रयोगांतील माकडें पोटभर, नाना प्रकारचें अन्न खाणारीं होतीं आणि दुष्काळांतील माणसें तशीं नव्हतीं.

दुसरी दिशाभूल याहून विलक्षण होती. १९३३ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं उंदरांना बागेंतील सुवासिक वाटाण्याचें, म्हणजे स्वीट पीचें, बीं खाऊं घातलें. तो लाखोळीचाच जातभाई. उंदीर आजारी पडले, पण त्यांच्या पायांतील बळ गेलें नाहीं. त्यांचीं हाडें वांकडीं झालीं आणि हृदयापासून निघणारी महारोहिणी दुबळी होऊन फुटूं लागली. १९५० नंतरच्या दशकांत त्या बियांतील विषारी द्रव्य वेगळें काढलें गेलें आणि तें शरीरांतील तंतुमय ऊतींचे धागे एकमेकांस बांधूं देत नाहीं, असें पुढें सिद्ध झालें. या शोधाचा हाडें व रक्तवाहिन्या यांच्या अभ्यासांत मोठा उपयोग झाला. परंतु लाखोळीच्या रोग्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. वाट चुकलेला प्रवासीही कधीं कधीं एखाद्या उपयोगी गांवाला पोहोंचतो. तसाच हा प्रकार होय.

या दरम्यान माणसाच्या क्रौर्यानें एक असा प्रयोग घडवून आणला कीं तसा कोणत्याही प्रयोगशाळेनें केला नसता. १९४२ मध्यें रुमानियाच्या ताब्यांतील वाप्न्यार्का येथील छळछावणींत हजाराहून अधिक ज्यू बंदी कोंडले होते. घोड्यांच्या चाऱ्याचें हेंच धान्य शिजवून त्यांना रोज दिलें जाई आणि त्याखेरीज निकृष्ट भाकरीचा तुकडा मिळे. थोड्याच महिन्यांत शेंकडों बंदींचे पाय ताठरले. त्यांच्यांतच डॉक्टर आर्थर केसलर हा बंदी होता. त्यानें रोग ओळखला, कारण ओळखलें, आणि बंदींनीं तें अन्न नाकारण्याचा निर्धार केला. शेवटीं तें धान्य बंद झालें. जे वांचले त्यांतील अनेक जण पुढें इस्रायलांत गेले. त्यांच्या पायांतील ताठरपणा जन्मभर त्यांच्याबरोबर राहिला. या छावणीनें एक गोष्ट निर्विवाद केली. इतर सर्व अन्न हिरावून हेंच धान्य माणसास खाऊं घातलें, तर वंश, देश, हवामान कोणतेंही असो, परिणाम तोच होतो.

दाण्यांतील विष अखेर सांपडलें तें भारतांतच. १९६४ मध्यें बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील एस्. एल्. एन्. राव, पी. आर्. अडिगा आणि पी. एस्. सर्मा यांनीं लाखोळीच्या बियांतून एक अमिनो आम्ल शुद्ध स्वरूपांत वेगळें काढून त्याची रचना सांगितली. त्याच वर्षीं दिल्ली विद्यापीठांतील मूर्ति, शेषाद्रि आणि वेंकटसुब्रह्मण्यन् यांचाही याच विषयावरील निबंध प्रसिद्ध झाला. या द्रव्याचें लांबलचक रासायनिक नांव आंखूड करून त्याला ओडॅप म्हणतात. एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांना तें टोंचलें असतां त्यांच्या माना पिरगळल्या व त्यांना झटके आले. मोठ्या जनावरांवर मात्र तसा परिणाम सहजासहजीं होईना, कारण प्रौढ शरीरांत रक्त आणि मेंदू यांच्यामध्यें जी संरक्षक भिंत असते ती बहुतेक विष बाहेरच अडवून धरते. १९६७ मध्यें तेंच द्रव्य माकडांच्या पाठीच्या कण्यांतील द्रवांत थेट सोडण्यांत आलें, तेव्हां त्यांचे मागचे पाय लुळे पडले. हॉवर्ड प्रभृतींचीं माकडें कां वांचलीं याचाही थोडा उलगडा यांतून झाला.

हें विष पेशीचें नेमकें काय बिघडवितें, हा पुढचा प्रश्न. एका मज्जापेशीचा निरोप दुसरीला पोहोंचविण्यासाठीं मेंदू ज्या रसायनांचा उपयोग करतो त्यांत ग्लुटामिक आम्ल प्रमुख आहे. एका पेशीनें तें सोडावें, दुसरीच्या पृष्ठावरील ग्राहकाला तें चिकटावें, क्षणभर दार उघडावें, निरोप जावा, आणि दार मिटावें, असा हा व्यवहार असतो. ओडॅपची घडण ग्लुटामिक आम्लाशीं इतकी मिळतीजुळती आहे कीं ग्राहक फसतो. खोट्या किल्लीनें दार उघडतें आणि वेळेवर मिटत नाहीं. मग पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो, आणि अतिउत्तेजनानेंच पेशी थकून मरते. जी शक्ति निरोप वाहण्यासाठीं होती तीच येथें नाशाला कारण होते.

पुढें बंगलोर येथील विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांचे सहकारी यांनीं या बिघाडाची आणखी एक पायरी उजेडांत आणली. प्रत्येक पेशींत तंतुकणिका नांवाचे सूक्ष्म घटक असतात. अन्नांतील शक्ति पेशीला उपयोगी पडेल अशा रूपांत आणणें हें त्यांचें काम. १९९८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं ओडॅपमुळें तंतुकणिकांतील शक्तिनिर्मितीच्या सांखळीचा पहिलाच दुवा निकामी होतो, आणि तोही सबंध मेंदूंत नव्हे, तर हालचालीचे हुकूम देणारा मेंदूचा भाग आणि कमरेजवळचा मज्जारज्जु या दोन ठिकाणीं. पायांना हुकूम देणाऱ्या मज्जापेशींचे तंतू मेंदूच्या शिखरापासून कमरेपर्यंत, सुमारें हातभर लांब पसरलेले असतात. एवढा लांब तंतु जिवंत ठेवण्यास पेशीला शक्तीचा अखंड पुरवठा लागतो, म्हणून शक्ति आटली कीं पहिला बळी या लांब तंतूचा पडावा हें समजण्यासारखें आहे. हातांचे तंतू आंखूड, त्यामुळें ते बहुधा वांचतात. याच प्रयोगमालेंत, दुवा तुटण्यापूर्वीं त्यांतील गंधकयुक्त भागांची हानि होते, असेंही आढळलें. आणि मादी उंदरांना त्यांच्या शरीरांतील स्त्री-संप्रेरकाकडून संरक्षण मिळतें, हें पुढील प्रयोगांत दिसून आलें. रोग पुरुषांना अधिक कां होतो, या जुन्या निरीक्षणाला त्यामुळें कांहीं आधार मिळाला.

आतां भुकेचा दुवा जुळतो. १९८६ मध्यें पीटर स्पेन्सर आणि त्यांचे सहकारी यांनीं माकडांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. रेव्याचे डॉक्टर द्विवेदी त्यांत सहभागी होते. चांगलें पोसलेल्या माकडांना दीर्घकाळ हें धान्य व हें द्रव्य दिलें असतां पायांच्या मज्जातंतूंत बिघाडाचीं सौम्य लक्षणें दिसलीं, पण माणसांत दिसतें तसें संपूर्ण पंगुत्व आलें नाहीं. जें कमी पडत होतें तें विष नव्हतें, तर उपासमार होती. लाखोळींत प्रथिनें भरपूर आहेत, परंतु गंधक असलेलीं अमिनो आम्लें फार थोडीं आहेत. आणि शरीर पेशींचें रक्षण करणारें ग्लुटाथायोन नांवाचें द्रव्य याच आम्लांपासून बनवितें. म्हणजे केवळ लाखोळीवर जगणाऱ्याच्या शरीरांत एकीकडून विष येतें आणि दुसरीकडून ढाल हिरावली जाते. इथिओपियांत विसाव्या शतकाच्या अखेरीस या रोगाची मोठी सांथ आली. तेथील अभ्यासांत, ज्या घरांत या धान्याबरोबर तृणधान्य मिसळलें जाई त्या घरांना धोका कमी असल्याचें आढळलें. भाताच्या ढिगावर वाटीभर वरण घेणारा गोंदियाकडील शेतकरी आणि तीन महिने त्याच दाण्याच्या पिठावर दिवस काढणारा दुष्काळग्रस्त यांच्या नशिबांतील फरक याच्या आधारें समजूं लागतो. त्यांत निसर्गाची आणखी एक थट्टा आहे: पाण्याच्या ताणांत वाढलेल्या पिकाच्या दाण्यांत ओडॅपचें प्रमाण वाढतें. ज्या वर्षीं माणूस लाखोळीवर सर्वांत अधिक अवलंबून असतो, त्याच वर्षीं ती सर्वांत अधिक विषारी असते.

पण दुष्काळ नसतांनाही कांहीं माणसें वर्षानुवर्षें दुष्काळांतच जगत होतीं. विंध्य प्रदेशांतील रेवा भागांत कर्जापायीं मालकाकडे बांधलेल्या शेतमजुरांना मजुरी पैशांत मिळत नसे. बिर्रा म्हणून ओळखलें जाणारें, खेसारी व इतर धान्य यांचें मिश्रण त्यांच्या पदरांत पडे, आणि त्यांत खेसारीचा वांटा मोठा असे. विसाव्या शतकाच्या मध्यावर तेथें झालेल्या पाहण्यांत या रोगाचे हजारों बळी आढळले. मालकाच्या घरीं गहूं शिजे आणि मजुराच्या घरीं खेसारी. म्हणून मालक चाले आणि मजूर सरपटे. १९७६ मध्यें वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. मजुराच्या ताटांतील धान्य बदललें कीं हा रोग मागें हटतो, असा अनुभव आहे. औषधानें जें साधलें नाहीं तें मजुरीच्या रूपांतील बदलानें साधूं शकतें, हा या इतिहासांतील सर्वांत मोठा धडा म्हणावा लागेल.

शासनानें मात्र प्रथम दुसरा मार्ग धरला. १९६१ मध्यें अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या नियमांनीं लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. तुरीच्या डाळींत व बेसनांत तिची भेसळ होत असे, त्यामुळें शहरांतील कुटुंबांना ही बंदी आवश्यक वाटली. परंतु बंदी विक्रीवर होती, लागवडीवर नव्हती. आणि कांहीं राज्यांनीं ती अंमलांतच आणली नाहीं. परिणाम असा झाला कीं गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील शेतकरी लाखोळी पिकवीत राहिला, पण उघड बाजारांत ती विकण्याचा हक्क त्याला उरला नाहीं. स्वतःच्या शेतांतील धान्य चोरीच्या मालासारखें पडेल त्या भावानें द्यावें लागे. आणि जो अगदीं गरीब होता तो तें घरींच खात राहिला. ज्याच्या रक्षणासाठीं बंदी सांगितली जात होती त्याच्या ताटांतून लाखोळी गेली नाहीं. त्याच्या गांठीची चार दमडी मात्र गेली.

या बंदीविरुद्ध नागपूरचे डॉक्टर शांतिलाल कोठारी यांनीं दीर्घकाळ झगडा चालविला. त्यांनीं उपोषणें केलीं, निवेदनें दिलीं, आणि पूर्व विदर्भांत पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्या जाणाऱ्या धान्यावर सरसकट विषाचा शिक्का मारणें अन्यायाचें आहे, असें मांडलें. विरुद्ध बाजूच्या तज्ज्ञांचें म्हणणेंही टाकाऊ नव्हतें. दुष्काळ पुन्हां येणारच नाहीं याची हमी कोणी द्यावी? एकदां लुळे झालेले पाय परत चालते करण्याचा उपाय वैद्यकाजवळ नाहीं. तेव्हां सावधगिरीची चूक झाली तरी ती कमी घातक, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोन्ही बाजूंस गरिबाविषयींची कळकळ होती, हेंच या वादाचें वैशिष्ट्य. २००८ मध्यें महाराष्ट्र शासनानें आपल्या राज्यापुरती बंदी उठविली. २०१६ मध्यें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनें कमी विषाच्या सुधारित वाणांना मोकळीक देण्याची शिफारस केली.

हे सुधारित वाण म्हणजे या इतिहासांतील आशादायक प्रकरण होय. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेचा रतन, आणि गोंदियाच्या शेजारच्याच छत्तीसगडांतील रायपूर कृषि विद्यापीठाचे प्रतीक व महातिवडा यांच्या दाण्यांत ओडॅपचें प्रमाण शेंकडा ०.१ च्या आसपास किंवा त्याहून कमी असतें. जुन्या गांवठी वाणांत तें याच्या कित्येक पट असूं शके. स्वयंपाकाच्या रीतीनेंही बरेंच साधतें. हैदराबाद येथील पोषण-संशोधकांनीं १९६६ मध्यें दाखवून दिलें कीं दाणा भरपूर गरम पाण्यांत भिजवून तें पाणी फेंकून दिलें तर बहुतेक विष निघून जातें, कारण ओडॅप पाण्यांत विरघळतें. उपाय सोपा आहे; पण श्रोत्यांनीं क्षणभर विचार करावा कीं अवर्षणाच्या वर्षीं, ज्या घरांत पाण्याचा घडा कोसभरावरून आणावा लागतो आणि सरपण मोजून जाळावें लागतें, त्या घरांत भरपूर गरम पाणी ओतून टाकण्याची चैन कोणाला परवडणार?

याच दाण्यांत होमोआर्जिनिन नांवाचें आणखी एक अमिनो आम्ल आहे. ओडॅप शोधणाऱ्या रावांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचाही अभ्यास केला होता. माणसाच्या रक्तांत या द्रव्याचें प्रमाण कमी असणें आणि हृदयविकारानें येणारे मृत्यु यांचा संबंध अलीकडील युरोपीय अभ्यासांत दिसून आला आहे. त्यामुळें ज्या राव यांनीं लाखोळीचें विष जगापुढें मांडलें, त्यांनींच उत्तरायुष्यांत माफक प्रमाणांत खाल्ल्या जाणाऱ्या लाखोळीचा कैवार घेतला. यांत विसंगति कांहीं नाहीं. ज्यानें दोष नेमका मोजला त्यालाच गुणही नेमका मोजतां येतो.

शंभर-सव्वाशें वर्षांच्या या अन्वेषणानें काय हातीं दिलें? बोट प्रथम दाण्याकडे गेलें, मग तणाकडे, मग दाण्यांतील एका रेणूकडे, मग पेशीच्या दारावरील ग्राहकाकडे, आणि शेवटीं पेशीच्या आंतील शक्तीच्या भट्टीकडे. परंतु जितकें आंत जावें तितकी वाट पुन्हां बाहेर, माणसाच्या ताटाकडे, वळते. पेशीची ढाल दुबळी होते, कारण ताटांत दुसरें अन्न नसतें. आणि ताटांत दुसरें अन्न नसतें, कारण पाऊस पडलेला नसतो किंवा मजुरी योग्य मिळालेली नसते. कार्तिकांत गोंदियाच्या बांध्यांत आजही लाखोळी फोकली जाते, आणि माघांत तिचीं निळीं फुलें वाऱ्यावर डोलतात. त्या फुलांत दोष शोधूं गेल्यास तो सांपडेल. पण सरपटणाऱ्या पायांचा जाब त्या फुलाला एकट्याला विचारून भागणार नाहीं.